जुना डोमेन कंट्रोलर निवृत्त करताना: पाच भूमिका, फंक्शनल लेव्हल आणि जुन्या यंत्रांचा प्रश्न

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातील मध्यम आकाराच्या कंपन्यांत विंडोज सर्व्हर २०१२ आर२, क्वचित २००८ आर२ देखील, आजही डोमेन कंट्रोलर म्हणून, म्हणजे कंपनीच्या संगणकांच्या समूहातील (डोमेनमधील) खाती सांभाळणारा आणि लॉगिन तपासणारा सर्व्हर म्हणून, काम करताना आढळतो. रबाळे-महापे भागात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली असली, तरी त्यांच्याच शेजारच्या गल्लीतील कारखान्याच्या सर्व्हर खोलीत दहा-बारा वर्षांपूर्वीचे यंत्र चालू असते. २००८ आर२ साठीचा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि २०१२ आर२ साठीचा १० ऑक्टोबर २०२३ रोजी. तरीही सर्व्हर का बदलला नाही असे विचारले की उत्तर बहुधा एकच मिळते: "प्लांटवर जुनी मशीन आहेत साहेब, डोमेन नवीन केले तर ती लॉगिन होणार नाहीत."

ही भीती निराधार नाही, परंतु ती भलत्याच गोष्टीला चिकटलेली आहे. डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन कंट्रोलरांसाठी ठरवलेली किमान आवृत्ती) वाढवल्याने किंवा डोमेनच्या विशेष कामांच्या भूमिका नव्या सर्व्हरवर हलवल्याने जुने क्लायंट संगणक बंद पडत नाहीत. ते बंद पडतात ते नव्या सर्व्हरने जुने प्रोटोकॉल बोलणे सोडल्यामुळे, फायरवॉलमधील जुन्या नियमांमुळे आणि कोणीतरी कधीकाळी एखाद्या यंत्रात हाताने भरलेल्या आयपी पत्त्यामुळे. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की कामाचा क्रम आपोआप स्पष्ट होतो, म्हणून पुढील विवेचनात भूमिकांची ओळख करून देऊन लगेच त्या क्रमाकडे वळलो आहे. उदाहरणासाठी एक साधी रचना धरली आहे: वागळे इस्टेटमध्ये मुख्य कार्यालय, तेथे २०१२ आर२ चा डोमेन कंट्रोलर, महापे येथे कारखाना, तेथे २००८ आर२ चा दुसरा, एकच फॉरेस्ट (एक वा अधिक डोमेनांचा समूह), एकच डोमेन, आणि दोन्ही ठिकाणी सर्व्हर २०२२ आणायचा आहे.

पाच भूमिका आणि त्यांची खरी किंमत

विंडोज एनटी ४ च्या काळात डोमेनमध्ये एकच प्रायमरी डोमेन कंट्रोलर असे आणि बदल फक्त त्याच्यावर करता येत. बाकीचे बॅकअप डोमेन कंट्रोलर त्याची प्रत बाळगत. विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही खाती व संगणकांची सामायिक नोंदवही आली आणि कोणत्याही डोमेन कंट्रोलरवर बदल करण्याची मुभा मिळाली. मात्र काही कामे अशी आहेत की ती दोघांनी एकाच वेळी केली तर गोंधळ अटळ असतो, आणि अशा कामांसाठीच एफएसएमओ नावाच्या पाच भूमिका राखून ठेवल्या आहेत. स्कीमा मास्टर आणि डोमेन नेमिंग मास्टर या संपूर्ण फॉरेस्टमध्ये एकेकच असतात. रिड मास्टर, पीडीसी एम्युलेटर आणि इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर या प्रत्येक डोमेनमध्ये एकेक असतात. आपल्या उदाहरणात डोमेन एकच असल्याने एकूण पाचच भूमिका आहेत, आणि कमांड प्रॉम्प्टवर "नेटडॉम क्वेरी एफएसएमओ" ही आज्ञा दिली की त्या कोणाकडे आहेत ते पाच ओळींत दिसते. (या लेखातील सर्व आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टंकताना अर्थातच रोमन अक्षरे वापरावीत.)

या पाचांत रोजच्या कामाच्या दृष्टीने खरी वजनदार भूमिका पीडीसी एम्युलेटरची आहे. एखाद्याने महापे येथे पासवर्ड बदलला की तो बदल नेहमीच्या रेप्लिकेशनची (डोमेन कंट्रोलरांनी बदल एकमेकांकडे पोहोचवण्याची) वाट न पाहता पीडीसी एम्युलेटरकडे ताबडतोब कळवला जातो. दुसऱ्या डोमेन कंट्रोलरला पासवर्ड चुकीचा वाटला तर नकार देण्यापूर्वी तो पीडीसी एम्युलेटरला विचारून घेतो. खाते लॉक झाल्याची प्रक्रिया येथेच तडीस जाते, म्हणून लॉकआउटचा शोध घेताना लॉगमधील ४७४० क्रमांकाची नोंद (इव्हेंट) प्रथम याच सर्व्हरवर पाहावी. ग्रुप पॉलिसीचे (संगणकांना केंद्रातून दिलेल्या सेटिंग्जचे) संपादनही मुळात याच सर्व्हरवर होते. याखेरीज संपूर्ण डोमेनचे घड्याळ त्याच्या घड्याळावर लावलेले असते. केर्बेरॉस या डोमेनच्या तिकिटांवर चालणाऱ्या प्रमाणीकरणात क्लायंट आणि सर्व्हर यांच्या वेळांतील फरक पाच मिनिटांपेक्षा अधिक झाला तर लॉगिन नाकारले जाते, त्यामुळे या एका सर्व्हरचे घड्याळ बिघडणे म्हणजे सर्वांचेच बिघडणे होय.

रिड मास्टरचे दुखणे मात्र फार उशिरा कळते, आणि म्हणून ते अधिक फसवे आहे. प्रत्येक नव्या वापरकर्त्याच्या, गटाच्या किंवा संगणकाच्या सिडचा (एकमेव ओळख-क्रमांकाचा) शेवटचा भाग म्हणजे रिड, आणि रिड मास्टर प्रत्येक डोमेन कंट्रोलरला एका वेळी ५०० रिडचा गठ्ठा देतो. गठ्ठा निम्मा संपला की डोमेन कंट्रोलर पुढचा मागतो. दीडशे माणसांच्या कंपनीत पाचशे नवी खाती तयार व्हायला काही वर्षे जातील, म्हणजे रिड मास्टर असलेला सर्व्हर कायमचा बंद पडला तरी तेवढी वर्षे कोणाच्या लक्षात येणार नाही. आणि मग एके दिवशी नव्या कर्मचाऱ्याचे खाते तयार होईना, असे होईल. एखाद्या जुन्या कंपनीचे काम हाती घेताना "नेटडॉम क्वेरी एफएसएमओ" चे उत्तर वाचून थांबू नये. उत्तरात आलेला सर्व्हर प्रत्यक्षात चालू आहे का, हे पाहूनच पुढे जावे. भंगारात गेलेल्या सर्व्हरचे नाव त्या यादीत आढळणे अजिबात दुर्मीळ नाही.

उरलेल्या तीन भूमिकांविषयी थोडक्यात सांगता येईल. स्कीमा मास्टर लागतो तो डिरेक्टरीच्या मूळ आराखड्यात बदल करताना, म्हणजे मुख्यतः नव्या आवृत्तीचा डोमेन कंट्रोलर जोडताना किंवा एक्सचेंजसारखे उत्पादन बसवताना. डोमेन नेमिंग मास्टर लागतो तो फॉरेस्टमध्ये डोमेन जोडताना वा काढताना. इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर दुसऱ्या डोमेनमधील वस्तूंचे संदर्भ अद्ययावत ठेवतो, त्यामुळे एकाच डोमेनच्या फॉरेस्टमध्ये त्याला काम नसते. तो ग्लोबल कॅटलॉगवर (संपूर्ण फॉरेस्टची संक्षिप्त सूची बाळगणाऱ्या डोमेन कंट्रोलरवर) ठेवू नये हा जुना नियम अनेकांनी पाठ केलेला असतो, परंतु सर्व डोमेन कंट्रोलर ग्लोबल कॅटलॉग असतील तर तो लागू होत नाही. एकच डोमेन असलेल्या कंपनीने पाचही भूमिका एकाच सशक्त, मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर ठेवाव्यात असे माझे मत आहे. त्या वाटून ठेवल्याने अशा ठिकाणी काही मिळत नाही, उलट कोणती कोठे आहे हे विसरले जाते.

जेथे पूर्वी स्मॉल बिझनेस सर्व्हर ही मायक्रोसॉफ्टची लहान कंपन्यांसाठीची आवृत्ती बसवलेली आहे तेथे ही निवडच नसते. तो सर्व्हर पाचही भूमिका स्वतःकडेच ठेवण्याचा आग्रह धरतो आणि त्या काढून घेतल्यावर ठरावीक मुदतीनंतर आपोआप बंद होऊ लागतो. म्हणून तेथून स्थलांतर करताना भूमिका हलवण्याचे काम अगदी शेवटी ठेवावे आणि त्यानंतर त्या सर्व्हरला फार दिवस सोबत घेऊन चालू नये.

फंक्शनल लेव्हल कोणाला बांधते

फंक्शनल लेव्हल म्हणजे डोमेन कंट्रोलरांचा आपापसातील करार आहे. लेव्हल २०१६ असेल तर २०१२ आर२ चा सर्व्हर त्या डोमेनमध्ये डोमेन कंट्रोलर होऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तोच २०१२ आर२ सर्व्हर फाइल सर्व्हर म्हणून किंवा टॅलीचा सर्व्हर म्हणून त्याच डोमेनमध्ये सुखाने राहू शकतो, आणि लेखा विभागातील विंडोज ७ चे संगणकही लेव्हल वाढवल्यामुळे बाहेर पडत नाहीत. फंक्शनल लेव्हल क्लायंटची आवृत्ती तपासतच नाही.

सर्व्हर २०१९ आणि २०२२ यांच्यासाठी स्वतंत्र लेव्हल नाही. दोन्हींची कमाल लेव्हल २०१६ हीच आहे. स्कीमाची आवृत्ती मात्र वेगळी मोजली जाते: २००८ आर२ साठी ती ४७, २०१२ आर२ साठी ६९, २०१६ साठी ८७, आणि २०१९ व २०२२ या दोहोंसाठी ८८. स्कीमा वाढवल्याने लेव्हल वाढत नाही आणि जुने डोमेन कंट्रोलर स्कीमा वाढल्यावरही पूर्वीसारखेच चालतात. त्यामुळे ८८ या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

खालच्या बाजूची मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. सर्व्हर २०१९ किंवा २०२२ डोमेन कंट्रोलर म्हणून आणण्यासाठी डोमेनची लेव्हल किमान २००८ असावी लागते, आणि ग्रुप पॉलिसी व लॉगिन स्क्रिप्ट ठेवणाऱ्या सिसव्हॉल फोल्डरचे रेप्लिकेशन एफआरएस या जुन्या पद्धतीऐवजी डीएफएसआरने चालू असावे लागते. २००३ च्या काळात उभारलेल्या डोमेनमध्ये पुढे २००८ आर२ आणि २०१२ आर२ चे सर्व्हर जोडले गेले, परंतु लेव्हल २००३ वरच राहिली आणि सिसव्हॉल एफआरएसवरच, असे वारंवार दिसते. कारण त्या आवृत्त्यांनी हे चालवून घेतले. सर्व्हर २०२२ चालवून घेत नाही आणि प्रमोशनच्या (सर्व्हरला डोमेन कंट्रोलर बनवण्याच्या) पूर्वतपासणीतच काम अडते.

सर्व्हर २०२५ ची किमान लेव्हल २०१६ आहे. याचा अर्थ ज्याच्याकडे आज २०१२ आर२ चे डोमेन कंट्रोलर आहेत त्याला थेट २०२५ चा डोमेन कंट्रोलर जोडता येत नाही, कारण २०१२ आर२ असेपर्यंत लेव्हल २०१६ होणार नाही आणि लेव्हल २०१६ झाल्याशिवाय २०२५ आत येणार नाही. मधला टप्पा घ्यावाच लागतो, आणि तो २०२२ चा असावा हे सोयीचे आहे.

प्रत्यक्ष काम: आधी प्रकृती तपासणी

पहिली पायरी रेप्लिकेशनची. "रेपअ‍ॅडमिन /रेप्लसमरी" आणि "डीसीडायग /व्ही" या दोन आज्ञांची उत्तरे फाइलमध्ये साठवून शांतपणे वाचावीत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत खोदकामात फायबर तुटली आणि लिंक दोन दिवस बंद राहिली तर रेप्लिकेशन नंतर आपोआप सावरते. परंतु एखादा डोमेन कंट्रोलर टूम्बस्टोन मुदतीपेक्षा (काढून टाकलेल्या वस्तूंची खूण जपण्याच्या कालावधीपेक्षा) अधिक काळ, म्हणजे बहुतेक फॉरेस्टमध्ये १८० दिवस आणि फार जुन्या फॉरेस्टमध्ये ६० दिवस, तुटलेला राहिला असेल तर त्याला पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करू नये. त्याला जबरदस्तीने काढून टाकून नव्याने उभारावे. बॅकअपलाही हीच मुदत लागू आहे: त्याहून जुना सिस्टिम स्टेट बॅकअप निरुपयोगी असतो.

त्यानंतर दोन्ही डोमेन कंट्रोलरांचा सिस्टिम स्टेट बॅकअप घ्यावा आणि डीएसआरएम (डिरेक्टरी दुरुस्त करताना लागणारा) पासवर्ड कोणाला तरी खरोखर माहीत आहे याची खात्री करून घ्यावी. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हर २०१२ पासून व्हीएम जनरेशन आयडीमुळे स्नॅपशॉटवर परतण्याचा धोका कमी झाला असला तरी २००८ आर२ ला ते संरक्षण नाही, आणि तेथे स्नॅपशॉटवर परतल्यास रेप्लिकेशनचा हिशेब कायमचा चुकतो.

जुना सर्व्हर कोणाशी बोलतो आहे ते शोधणे

हाच या संपूर्ण कामाचा गाभा आहे, आणि वेळापत्रक आखताना सर्वाधिक वेळ यासाठीच राखून ठेवावा. भूमिका हलवायला काही मिनिटे लागतात; जुना सर्व्हर कोणकोण वापरत आहे हे कळायला किमान एक पूर्ण महिना तरी जावा, कारण महिनाअखेरीस चालणारे काम त्याआधी दिसतच नाही.

लेखा विभागातील बहुउद्देशीय कॉपियरचे उदाहरण घ्या. त्याच्या पडद्यावर "स्कॅन टू फोल्डर" ची बटणे आहेत, प्रत्येक बटणामागे सर्व्हरचा आयपी पत्ता, शेअरचे नाव आणि वर्षानुवर्षे न बदललेला पासवर्ड असलेले एक डोमेन खाते भरलेले आहे. शेअर जुन्या डोमेन कंट्रोलरवरच आहे, कारण लहान कंपनीत फाइल सर्व्हर वेगळा नसतो. तो शेअर सर्व्हर २०२२ वर हलवला की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो, "साहेब, बिले स्कॅन होत नाहीत." कॉपियर एसएमबी या फाइल-वाटणीच्या प्रोटोकॉलची फक्त पहिली आवृत्ती बोलतो आणि सर्व्हर २०१९ पासून ती आवृत्ती मुळात बसवलेलीच नसते. अशा वेळी नव्या डोमेन कंट्रोलरवर एसएमबी १ बसवून मोकळे होण्याचा मोह होतो, तो टाळावा. आधी कॉपियरच्या फर्मवेअरची नवी आवृत्ती मिळते का ते उत्पादकाकडे पाहावे, ती न मिळाल्यास स्कॅन ईमेलने पाठवण्याची सोय करावी, आणि तेही शक्य नसेल तर डोमेनशी संबंध नसलेल्या एका स्वतंत्र यंत्रावर तो शेअर ठेवावा. डोमेन कंट्रोलरवर एसएमबी १ चालू ठेवणे म्हणजे एका कॉपियरसाठी संपूर्ण कंपनीचे दार उघडे ठेवणे आहे.

महापेच्या कारखान्यातील गुणवत्ता प्रयोगशाळेचा प्रश्न अधिक कठीण असतो. उपकरणाला जोडलेला एक्सपीचा संगणक बदलता येत नाही, कारण उपकरणाचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही आणि उपकरणाची किंमत सर्व्हरपेक्षा कितीतरी अधिक आहे. एक्सपीला एसएमबीची दुसरी आवृत्ती येत नाही आणि केर्बेरॉसमधील एईएस एन्क्रिप्शनही येत नाही, त्यामुळे त्याला नव्या डोमेनमध्ये ओढून ठेवण्याची धडपड व्यर्थ आहे. त्याला डोमेनमधून बाहेर काढावे, स्थानिक खाते द्यावे, वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवावे, आणि त्याचा डेटा उचलण्यासाठी मध्ये एक नवा संगणक ठेवावा. वजनकाट्याच्या खोलीतील संगणकालाही बहुधा हाच उपाय लागू पडतो.

विंडोज ७ च्या संगणकांबाबत अशी अडचण नाही. ते एसएमबी २.१ आणि एईएस दोन्ही जाणतात. त्यांचा आधार संपलेला आहे हा वेगळा प्रश्न असून त्यासाठी डोमेनचे काम रोखण्याची गरज नाही.

याशिवाय चार ठिकाणी शोध घ्यावा. हजेरी यंत्राचे सॉफ्टवेअर, फायरवॉलचे व्हीपीएन आणि ईआरपी हे बहुधा ३८९ क्रमांकाच्या पोर्टवरून एलडॅप या डिरेक्टरीतील माहिती विचारण्याच्या प्रोटोकॉलने डोमेन कंट्रोलरला विचारतात आणि त्यांच्यात सर्व्हरचे नाव किंवा आयपी हाताने भरलेला असतो. डिरेक्टरी सर्व्हिसच्या लॉगमधील इव्हेंट २८८७ असुरक्षित एलडॅप जोडण्यांची दैनिक संख्या देतो. "१६ एलडॅप इंटरफेस इव्हेंट्स" ही निदान पातळी २ केली की इव्हेंट २८८९ मध्ये अशा प्रत्येक जोडणीचा आयपी पत्ता मिळतो. दुसरे, सिक्युरिटी लॉगमधील इव्हेंट ४७६९ मध्ये तिकिटाचा एन्क्रिप्शन प्रकार ०एक्स१७ असेल तर तेथे आरसी४ ही जुनी, कमकुवत एन्क्रिप्शन पद्धत वापरली जात आहे. तिसरे, इव्हेंट ४६२४ मध्ये एनटीएलएम व्ही१ ही जुनी प्रमाणीकरण पद्धत आढळली तर त्याचा स्रोत नोंदवून ठेवावा. पुढे सर्व्हर २०२५ वर जायचे झाल्यास ती आवृत्ती तेथून काढूनच टाकली आहे. चौथे ठिकाण म्हणजे डीएनएस, ही नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा. कारखान्यातील हाताने आयपी दिलेल्या प्रत्येक यंत्रात डीएनएस म्हणून जुन्याच सर्व्हरचा पत्ता असतो, आणि डीएचसीपीमध्ये (यंत्रांना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेत) बदल केल्याने त्यांच्यात काहीही बदलत नाही.

आरसी४ च्या बाबतीत एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. ज्या खात्यांचे पासवर्ड डोमेनची लेव्हल २००८ होण्यापूर्वी ठेवले गेले आणि नंतर कधी बदललेच नाहीत, त्यांच्याकडे एईएसच्या किल्ल्या नसतात. अशी खाती बहुतेक वेळा सेवांची असतात, ज्यांवर "पासवर्ड कधीही संपू नये" अशी खूण केलेली असते. शेवटच्या पासवर्ड बदलाच्या तारखेनुसार खात्यांची यादी काढावी आणि लेव्हल वाढवल्यानंतर या खात्यांचे पासवर्ड एकेक करून, संबंधित सेवेच्या मालकाला सोबत घेऊन, बदलावेत.

लेव्हल २००८ आर२, मग सिसव्हॉल, मग नवा सर्व्हर

जुन्या डोमेनची लेव्हल २००३ असेल तर प्रथम ती २००८ आर२ करावी. आपल्या उदाहरणात सर्वांत जुना डोमेन कंट्रोलर २००८ आर२ चा असल्याने हे लगेच शक्य आहे. या पायरीवर, ज्याच्या किल्लीने केर्बेरॉसची तिकिटे बंद केली जातात त्या केआरबीटीजीटी खात्याचा पासवर्ड बदलतो. एखाद्या डोमेन कंट्रोलरवर लेव्हलचा बदल पोहोचला पण नवा पासवर्ड अजून वापरात आला नाही तर प्रमाणीकरणात त्रुटी येऊ शकतात. तसे झाल्यास त्या सर्व्हरवरील केर्बेरॉस की डिस्ट्रिब्यूशन सेंटर ही सेवा पुन्हा सुरू करणे पुरते. तरीही हे काम कारखान्याची पाळी बदलण्याच्या वेळी करू नये.

त्यानंतर "डीएफएसआरमिग /गेटग्लोबलस्टेट" ही आज्ञा द्यावी. उत्तर "एलिमिनेटेड" आले तर सिसव्हॉल आधीच डीएफएसआरवर आहे. स्थलांतर सुरूच झाले नाही असे उत्तर आले तर "/सेटग्लोबलस्टेट" ला क्रमाने १, २ आणि ३ हे आकडे देत प्रिपेअर्ड, रिडायरेक्टेड आणि एलिमिनेटेड या अवस्थांतून जावे, आणि प्रत्येक वेळी "/गेटमायग्रेशनस्टेट" ने सर्व डोमेन कंट्रोलर त्या अवस्थेला पोहोचल्याचे पाहूनच पुढचा आकडा द्यावा. पहिल्या दोन अवस्थांतून मागे येता येते, तिसरीतून येता येत नाही, म्हणून दुसऱ्या अवस्थेत काही दिवस थांबून ग्रुप पॉलिसी दोन्ही ठिकाणी नीट लागू होते का ते पाहणे शहाणपणाचे ठरते.

आता सर्व्हर २०२२ डोमेनमध्ये सामील करून त्यावर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची भूमिका बसवावी आणि त्याला डोमेन कंट्रोलर म्हणून प्रमोट करावे. सर्व्हर २०१२ पासून अ‍ॅडप्रेप हे स्कीमा तयार करण्याचे काम प्रमोशनच्या वेळी आपोआप होते, मात्र त्यासाठी खाते स्कीमा अ‍ॅडमिन्स आणि एंटरप्राइज अ‍ॅडमिन्स या दोन्ही गटांत असले पाहिजे आणि स्कीमा मास्टर चालू असला पाहिजे. प्रमोशननंतर "नेट शेअर" ने सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन हे दोन्ही शेअर दिसतात का ते पाहावे. ते दिसत नसतील तर डोमेन कंट्रोलर अजून तयार झालेला नाही आणि भूमिका हलवण्याची घाई करू नये.

ठाणे आणि महापे यांच्यामध्ये फायरवॉल असेल तर येथे हमखास एक गाठ पडते. सर्व्हर २००३ पर्यंत आरपीसीचे (डोमेन कंट्रोलर एकमेकांशी बोलताना वापरतात त्या पद्धतीचे) गतिशील पोर्ट १०२५ ते ५००० या पट्ट्यात असत. २००८ पासून ते ४९१५२ ते ६५५३५ मध्ये गेले. २००३ च्या काळात लिहिलेले नियम कोणी बदललेले नसतील तर जोडणी होते, लॉगिनही होते, परंतु रेप्लिकेशन अडखळते आणि कारण सापडत नाही. ८८, १३५, ३८९, ४४५, ६३६ आणि ३२६८ हे पोर्ट आणि वरचा गतिशील पट्टा दोन्ही दिशांनी तपासून घ्यावा.

भूमिका हलवणे आणि घड्याळ लावणे

पॉवरशेलमधील "मूव्ह-एडीडिरेक्टरीसर्व्हरऑपरेशनमास्टररोल" या आज्ञेला नव्या सर्व्हरचे नाव आणि ०, १, २, ३, ४ हे आकडे दिले की पाचही भूमिका हलतात. शून्य म्हणजे पीडीसी एम्युलेटर, एक म्हणजे रिड मास्टर, दोन इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर, तीन स्कीमा मास्टर आणि चार डोमेन नेमिंग मास्टर. जुना सर्व्हर जिवंत असताना हे हस्तांतर असते आणि त्यात धोका जवळजवळ नाही. काही बिघडले तर भूमिका परत नेता येतात.

जुना सर्व्हर कायमचा मेला असेल तर याच आज्ञेला "-फोर्स" जोडून भूमिका बळाने घ्याव्या लागतात, आणि तेथे नियम कठोर आहे: बळाने भूमिका घेतल्यानंतर तो जुना सर्व्हर पुन्हा नेटवर्कमध्ये कधीही चालू करायचा नाही. दोन रिड मास्टर एकाच वेळी वावरले तर एकच सिड दोन खात्यांना मिळण्याची शक्यता निर्माण होते. पॉवर सप्लाय दुरुस्त होऊन दोन दिवसांत सर्व्हर परत येणार असेल तर तेवढे दिवस थांबावे. रिड मास्टर किंवा स्कीमा मास्टर दोन दिवस नसला तरी कोणाचे काही अडत नाही. बळाने भूमिका घेतल्यावर मेलेल्या सर्व्हरचा संगणक ऑब्जेक्ट डोमेन कंट्रोलर्स या ओयूमधून (डिरेक्टरीतील कप्प्यातून) काढून टाकावा, त्यासोबत मेटाडेटाची (डिरेक्टरीत उरलेल्या त्याच्या नोंदींची) सफाई होते. डीएनएसमधील त्याच्या नोंदी मात्र स्वतः तपासाव्यात.

पीडीसी एम्युलेटर हलला की घड्याळाचा स्रोतही नव्या सर्व्हरवर लावावा लागतो; तो आपोआप बरोबर येत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा सर्व्हरशी जुळवलेली असावीत. म्हणून "डब्ल्यू३२टीएम /कॉन्फिग" मध्ये समय१ डॉट एनआयसी डॉट इन, समय२ डॉट एनआयसी डॉट इन आणि टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग यांची नावे द्यावीत, "/सिंकफ्रॉमफ्लॅग्ज:मॅन्युअल /रिलायबल:येस /अपडेट" जोडावे आणि फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ बाहेर जाऊ द्यावा. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्याचीही अट आहे, तेव्हा नव्या सर्व्हरवरील सिक्युरिटी लॉगचा आकार याच वेळी वाढवून तो दुसरीकडे साठवण्याची व्यवस्था करावी. नवा सर्व्हर हायपर-व्हीवर असेल तर त्या व्हर्च्युअल मशीनसाठी होस्टकडून वेळ घेण्याची सुविधा बंद करावी; महावितरणच्या देखभालीसाठी वीज बंद राहून यूपीएसही संपला, आणि होस्टच्या मदरबोर्डची बॅटरी गेलेली असली, तर चुकीची वेळ होस्टकडून पीडीसी एम्युलेटरकडे आणि तेथून सर्वांकडे पसरते. जुन्या पीडीसी एम्युलेटरवरही "/सिंकफ्रॉमफ्लॅग्ज:डोमहायर" देऊन त्याला डोमेनच्या वेळेवर आणावे.

जुन्या सर्व्हरला निरोप

भूमिका हलल्यानंतर जुना डोमेन कंट्रोलर लगेच डिमोट करू नये, म्हणजे त्याची डोमेन कंट्रोलरची जबाबदारी काढू नये. आधी डीएचसीपीमधील डीएनएसचे पत्ते बदलावेत, हाताने पत्ते दिलेली यंत्रे एकेक करून बदलावीत, आणि मग काही दिवस जुन्या सर्व्हरचे लॉग वाचत राहावेत. अजूनही जे त्याच्याकडे येतात ते शोधून मार्गी लावल्यावर सर्व्हर आठवडाभर बंद ठेवावा, आणि शक्यतो त्या आठवड्यात महिनाअखेर येईल असे पाहावे. कोणाची तक्रार आलीच तर तो चालू करून कारण शोधता येते. तक्रार नसेल तर तो पुन्हा चालू करून, रेप्लिकेशन पूर्ण होऊ देऊन, रीतसर डिमोट करावा. बंद अवस्थेतच भंगारात काढू नये.

जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता डिमोशननंतर नव्या डोमेन कंट्रोलरला देणे ही अनेकांना पळवाट वाटते, परंतु कारखान्यात ती उपयुक्त आहे, कारण कोणत्या यंत्रात तो पत्ता भरला आहे याची यादी कधीच शंभर टक्के पूर्ण होत नाही. पत्ता बदलल्यावर "आयपीकॉन्फिग /रजिस्टरडीएनएस" देऊन नेटलॉगॉन सेवा पुन्हा सुरू करावी. जुन्या सर्व्हरचे नाव मात्र नव्याला देऊ नये. नावावर अवलंबून असलेली सॉफ्टवेअरे थोडीच असतात आणि ती सुधारून घेणे बरे.

हीच पद्धत महापे येथील सर्व्हरसाठी वापरून दोन्ही जुने डोमेन कंट्रोलर गेले, की प्रथम डोमेनची आणि मग फॉरेस्टची लेव्हल २०१६ करावी. लेव्हल खाली आणण्याची सोय काही परिस्थितींत पॉवरशेलमधून असली तरी तिच्यावर भिस्त ठेवून निर्णय घेऊ नये. या पायरीवर क्लायंटच्या बाजूने काही बिघडण्याचे कारण नाही, कारण जे बिघडण्यासारखे होते ते एसएमबी, आरसी४ आणि डीएनएसच्या पत्त्यांच्या टप्प्यावर आधीच समोर आलेले असते. पुढे सर्व्हर २०२५ कडे वळायचे असल्यास तेव्हा इव्हेंट ४७६९ मधील आरसी४ ची आणि २८८९ मधील असुरक्षित एलडॅपची यादी पुन्हा एकदा काढावी. त्या आवृत्तीचा डोमेन कंट्रोलर आरसी४ ची लॉगिन तिकिटे देत नाही, आणि महापेच्या हजेरी यंत्रासारखी एखादी नोंद त्या यादीत तोवर शिल्लक असेल तर २०२५ चा सर्व्हर त्याआधी प्रमोट करू नये.